झील कोण धरतं?

"आणि आवाजच गेला, तर गाणारीनं करायचं काय, नाना?"

ऋजुताने अंगणात पाय ठेवता ठेवताच विचारलं. सिदूनाना गोंधळी संबळ उन्हात ठेवून शेजारी बसले होते.

"आधी पानी पी," नाना म्हणाले.

ती प्यायली.

ही ऋजुता पुण्यात गाते. नानांकडे दोन पावसाळे राहून ती गोंधळाची पदं शिकली आणि मग त्यांच्या चालीवर स्वतःची गाणी रचू लागली. गिटार स्पीकरपुढे धरायची, तिच्यातून किंकाळ्या आणि घरघर काढायची, आणि त्या गोंगाटात उभं राहून गायचं. ऐकणारे दोन तऱ्हांचे. एक डोळे मिटणारे, दुसरे कान झाकणारे.

कंपनीवाले आले, "हा गोंगाट तेवढा काढा" म्हणाले. तिने त्यांना वाटेला लावलं. घरीच रेकॉर्ड करायची, सीडीच्या पाकिटांवर चित्रं काढायची, पोस्टात जाऊन टाकायची. ताठ मानेची पोर. मला तिचा तो ताठा आवडतो, आणि नानांनाही आवडत असावा.

"काय झालं गळ्याला?"

"गाठी आल्यात. डॉक्टर म्हणतात, ओरडणं बंद."

"मंग कर की बंद."

"तुमच्याच पदाच्या शेवटच्या कडव्यात मी वर जाते, नाना. लोक त्यासाठीच येतात. मागच्या कार्यक्रमात नेमका तिथेच आवाज फुटेना…"

"मंग?"

"यंत्रात माझाच जुना आवाज भरून ठेवला होता. पायाने कळ दाबली. तो गायला. मी नुसते ओठ हलवले."



"कुणाला कळलंसुद्धा नाही," ती हळूच म्हणाली. "उभं राहून टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. त्या दिवसापासून मी गायलेच नाही."

तिला लाज वाटत होती. पण लाजेहून जास्त वाईट वाटत होतं.

"मागं झीलकरी कोन हुता?"

गोंधळात पुढच्या गाणाऱ्याच्या मागे झीलकरी उभा असतो. ओळ संपत आली की तो तिचं शेपूट धरतो, लांबवतो, तेवढ्यात पुढे गाणारा श्वास घेतो. नानांच्या घरात पोर आधी वर्षानुवर्षं झील धरतं, मग पुढे येतं. ऋजुता मात्र थेट पुढे उभं राहून म्हणायची पदं शिकून गेली होती. घाई होती तिला.

"मी स्वतंत्र गाते, नाना. माझ्या वर कुणी नाही."

"वर कुनी न्हाई, बेस हाय. मागं?"

"मागे यंत्र आहे. मी एकदा म्हणते, ते धरून ठेवतं."

"दाव."

तिने पिशवीतून चपटी पेटी काढली, तारा जोडल्या आणि खालच्या पट्टीत म्हटलं, "सांगावा गं धाडा…" पेटी तेच पुन्हा पुन्हा म्हणू लागली. नानांनी तुणतुणं घेतलं आणि त्यावर गाऊ लागले. डोंगरच्या आईला, सांगावा गं धाडा.

तिसऱ्या ओळीला नाना मधेच थांबले. हात वरच्या वर.

पेटी थांबली नाही…

नानांनी कौतुकाने पेटीकडे पाहिलं.

"गुनाचं हाय. पर म्हातारा हितंच मेला, तरी ह्ये म्हनतच ऱ्हाईल."

ऋजुताला हसू आलं. तिने पेटी बंद केली.

"आता तू म्हन. त्येच शेवटचं कडवं."

"नाही जाणार वर."

"म्हन."

गिटार नाही, गोंगाट नाही. पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. तिसरीला ती वर चढली आणि आवाज तुटला. नुसती हवा आली.

…

नाना हलले नाहीत. तारेवरचं बोटही थांबलं होतं. कोपऱ्यात कोंबडी माती उकरत होती, तेवढाच काय तो आवाज. ऋजुताने खाली मान घातली. तिला रडू आवरेना.

…

मग नानांनी ओळ उचलली. जिथे तुटली होती, तिथूनच. उंच नव्हे, खालून, आपल्या फाटक्या आवाजात. शेवटापर्यंत नेली आणि तिच्याकडे बघून मान हलवली.

तोवर तिला श्वास मिळाला होता. पुढची ओळ तिने हळू म्हटली. ती संपताना नाना मागे होतेच.

पद पुरं झालं. ऋजुताने ओढणीने तोंड पुसलं.

"तुम्ही माझी झील धरलीत, नाना. मी तुमच्या मागे उभं राहायला हवं होतं."

"वय बघून धरत्यात व्हय झील?"

तिने पेटीच्या तारा गुंडाळल्या.

"पुढच्या महिन्यात परत उभं राहायचंय. तिथे तुटलं तर?"

"तुटू दे. कळ दाबू नगं. थांब जरा… समोर मानसं बसल्याली असत्यात. कुनीतरी उचलंल."

"आणि कुणीच उचललं नाही तर?"

नानांनी तुणतुणं मांडीवर आडवं ठेवलं.

"मगाशी तुजं तुटलं, तवा मी तरी कुटं लगीच उचललं?"

"नाहीच उचललंत. मला वाटलं, आता संपलं सगळं… काय करत होतात तुम्ही एवढा वेळ?"

"ऐकत हुतो, पोरी."