मागं ऐकू येतंय का?

“तोंड उघडलं म्हणजे काय? जांभई दिली?”

“नाही हो मास्तर. बोलायला उघडलं.”

“मग? काय बोलला?”

“काहीच नाही. मी पुढचं वाक्य टाकलं. लोक हसले. तोही हसला.” ऋजुता जरा अडखळली. “पण उशिरा हसला.”

झालं होतं ते एवढंच. पुण्यातल्या एका कॅफेत ऋजुताचा विनोदी एकपात्री प्रयोग, आणि तिसऱ्या रांगेत एकटाच बसलेला साठीचा माणूस. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. बाकी कुणाला ते दिसलंही नसेल. पण ऋजुता कुकरच्या शिट्टीलासुद्धा दचकणारी मुलगी. ते उघडलेलं तोंड अजून तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

म्हणून ती पहाटेची एसटी धरून गडहिंग्लजला केरबा मास्तरांकडे आली होती. वाटेत गाडी बंद पडली, दुसरी मिळेपर्यंत ऊन डोक्यावर आलं, आणि अकराला पोचते म्हणालेली ही बाई मास्तरांच्या दारात उभी राहिली तेव्हा दोन वाजून गेले होते.

केरबा मास्तर शाळेत पीटी शिकवता शिकवता विनोदी नाटुकली लिहायला लागले होते. मग नाटुकल्यांतली माणसं ऐनवेळी दांडी मारायला लागली, तेव्हा वैतागून सगळ्यांची कामं एकट्यानंच करायला लागले. त्यातून त्यांचा एकपात्री कार्यक्रम उभा राहिला. गणपतीची मंडळं, कारखान्यांचे क्लब, जत्रा, शाळांची गॅदरिंग. एक टोपी, एक उपरणं, बास. या सामानावर त्यांनी सगळी हयात माणसं हसवली. आता वय ऐंशीला टेकलं होतं आणि टोपी खुंटीला.

ऋजुताची आणि त्यांची गाठ पडली ती कॉलेजच्या एका स्पर्धेत. मास्तर परीक्षक होते. ऋजुताला नंबर मिळाला नाही. ती रडवेली होऊन विचारायला गेली तर म्हणाले, “पोरी, तुझा विनोद मला लई आवडला. पण मी हसेपर्यंत तू पुढच्या गावाला गेली होतीस.”

तेव्हापासून ती त्यांची शिष्या. निदान ती तसं सांगायची. मास्तर म्हणायचे, “शिष्या कसली, भाडेकरू आहे. अधूनमधून येती आणि सगळं सामान पसरून जाती.”

आजही तिने तेच केलं होतं. पाय धुतले नाहीत, पाणी घेतलं नाही. टेबलावर ताटावर ताट पालथं घालून दोन ताटं झाकून ठेवली होती. त्यातलं एक बाजूला सरकवून तिने आपली बॅग ठेवली आणि सुरू झाली.

“अगं, आधी जरा…” मास्तर म्हणाले.

“आधी माझं ऐका मास्तर. उद्या माझा प्रयोग आहे. तुमच्या गावात. कॅफे नाही, अख्खं नाट्यगृह! आणि माझा सगळा प्रयोग ज्या प्रश्नावर उभा आहे ना, तोच आता माझ्या तोंडून निघत नाहीये.”

“कुठला प्रश्न?”

“तुमच्यापैकी कुणाच्या घरी अजून कुणी जेवायचं थांबतं का? हा.”

“बरं. मग?”

“मग मी सांगते, माझी आई थांबते. आणि ती थांबलीये हे मला नीट कळावं म्हणून दर दहा मिनिटांनी फोन करून सांगते, मी काही तुझ्यासाठी थांबलेली नाहीये!”

मास्तर हसले. खांदे हलवत, डोळे मिटून, अगदी मनापासून हसले. हसता हसता त्यांची नजर भिंतीकडे गेली. तिथे काकूंचा फोटो होता. काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं.

काकूंवरचा मास्तरांचा विनोद सगळ्या तालुक्याला पाठ होता. “आमची ही माझ्या आधी कधी जेवत नाही. बारा वर्षं मला वाटायचं, प्रेम आहे. मग लक्षात आलं, आधी मला घालून बघती. मला काही होत नाही म्हटल्यावर मग बसती.” आणि काकू पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी हसायच्या.

“चांगला आहे की विनोद,” मास्तर म्हणाले. “अडलंय कुठं?”

“त्या माणसापाशी अडलंय. मी प्रश्न विचारला आणि त्याने तोंड उघडलं. त्यानंतर जिथे जिथे हा प्रश्न येतो, तिथे मला तोच दिसतो आणि मी अडते. मागचे दोन प्रयोग पडले मास्तर. पडले म्हणजे आपटले! उद्याही पडला ना, तर मी सरळ बी.एड.ला जाणार. बाबांनी फॉर्म आणून ठेवलाय.”

“पीटीला जा. जागा असत्यात.”

“मास्तर!”

“बरं, राहिलं… तो माणूस काय म्हणणार होता?”

“मला काय माहीत?”

“हो म्हणणार होता, का नाही म्हणणार होता?”

ऋजुताने बॅगेचा पट्टा बोटाला गुंडाळला. मग एकदम म्हणाली, “पण मास्तर, तो प्रश्न उत्तरासाठी नसतोच ना! तो विनोदाच्या आधीचा प्रश्न असतो. सगळेच असे विचारतात.”

“असं होय…”

“मी तो काढून टाकू का? त्याच्या आधीचा आणि नंतरचा विनोद जोडून घेतला तर मध्ये फट राहत नाही. फट राहिली की मला भीती वाटते. मी बोलत असते ना, तोवर मला कशाचीच भीती वाटत नाही. लोक हसायचे थांबले आणि मीही थांबले, तर…”

मास्तरांनी तोंड उघडलं.

“…तर त्या शांततेत काय होईल कोण जाणे!” ऋजुताने वाक्य पुरं केलं.

मास्तरांनी तोंड मिटलं. मग खुंटीवरची टोपी काढली, झटकली आणि डोक्यावर ठेवली.

“चल.”

“कुठे?”

“उद्या जिथं पडणार आहेस तिथं. जागा बघून घेऊ, लागलं तर गादी टाकू.”

नाट्यगृह दोन गल्ल्या सोडून होतं. रखवालदाराने मास्तरांना बघितल्याबरोबर कुलूप काढलं. “वीज गेलीया मास्तर,” तो म्हणाला, “माइक चालायचा नाही.”

“कुणाला पाहिजेय माइक?” मास्तर म्हणाले.

आत गार अंधार. वरच्या झरोक्यांतून येणारा उजेड फक्त रंगमंचापुरता पुरत होता. कुठेतरी पारवा फडफडला आणि ऋजुताने मास्तरांचा दंड धरला.

“पारवा आहे,” मास्तर म्हणाले. “त्यानं तिकीट काढलेलं नाही, त्याला भिऊ नको.”

ती खुर्च्यांच्या रांगांकडे बघत राहिली. एवढ्या रांगा…

“मास्तर, तुम्ही सुरुवात कशी करायचा?”

“आमच्या वेळी कुठला माइक? माणसं झाडाखाली, ओट्यावर, बैलगाडीत बसलेली. मी उभा राहायचो आणि विचारायचो, मागं ऐकू येतंय का? मागनं उत्तर आल्याशिवाय सुरू करायचं नाही. आपला नियम.”

“आणि नाही आलं तर?”

“थांबायचं.”

“किती वेळ?”

“येईपर्यंत.” मास्तरांनी टोपी सारखी केली. “एकदा नेसरीकडच्या एका गावात विचारलं, मागं ऐकू येतंय का? कोण बोलंना. थांबलो. पुढची माणसं मागं वळून बघायला लागली. तरी थांबलो. मग अगदी शेवटनं एक म्हातारा ओरडला, ‘ऐकू येतंय, पण पटत नाही!’ आणि मी अजून सुरूपण केलं नव्हतं.”

ऋजुताला हसू फुटलं.

“त्या रात्री मी काय काय सांगितलं, कुणाच्या ध्यानात नाही. तो म्हातारा सगळ्यांच्या ध्यानात आहे.”

“पण आता माइक असतो मास्तर. मागे ऐकू जातंच.”

“जातं…” मास्तर म्हणाले. “मागनं येतं का?”

आणि काठी टेकत ते मागच्या रांगांकडच्या पायऱ्या चढायला लागले. टक… टक… टक… प्रत्येक रांगेपाशी टोपी अंधुक होत गेली. शेवटच्या रांगेपाशी ती दिसेनाशी झाली. एक खुर्ची करकरली. मग तेही थांबलं.

ऋजुता रंगमंचावर गेली. घसा खाकरला.

“नमस्कार मंडळी! मागं ऐकू येतंय का?”

काही नाही.

“मास्तर, ऐकू येतंय का?”

काही नाही.

मास्तर मुद्दाम करतायत, तिला वाटलं. आवाज वाढवून तिने पुन्हा विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सुरू केलं. होस्टेलच्या मेसचा विनोद, मग स्थळ बघायला आलेल्या मुलाचा, मग बाबांच्या बी.एड.च्या फॉर्मचा. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, मध्ये बोट घालायला जागा नाही. एरवी कॅफे डोक्यावर घेणारे विनोद अंधारात गेले आणि गेलेच.

तिला घाम फुटला. कपाळ पुसायला ती थांबली आणि थांबल्यावर तिला शांतता ऐकू आली.

मास्तर ऐंशीचे. एवढ्या पायऱ्या चढले. आणि या अंधारात…

“मास्तर?”

…

“मास्तर, बरे आहात ना?”

…

ती रंगमंचाच्या कडेला धावली. तिने उडी मारायला पाय उचलला. तेवढ्यात वर अंधारात खुर्ची पुन्हा करकरली. हळूच. कुणीतरी पाय बदलून बसावं तशी.

म्हणजे मास्तर होते. ठीक होते. ऐकत होते. आणि उत्तर देत नव्हते.

ऋजुताला राग आला. मग रडू आलं. मग दोन्ही ओसरलं आणि तिच्याकडे सांगायला एकही विनोद उरला नाही. ती रिकाम्या हातांनी उभी राहिली. आणि त्या हातांना, का कोण जाणे, एकदम टेबलावरचं ते ताट आठवलं. बॅग ठेवायला तिने एका हाताने सरकवलं होतं ते. सहज सरकलं नव्हतं. जड होतं. भरलेलं होतं.

दोन ताटं होती.

घरात माणूस एक. आणि दुपारी दोन वाजता दोन्ही ताटं झाकलेली होती.

अकराला पोचते, असं तिनेच फोनवर सांगितलं होतं. ‘अगं, आधी जरा…’ मास्तर म्हणाले होते. त्यांनी तोंड उघडलं होतं. एकदा नाही, दोनदा.

पारवा फडफडला. ऋजुता दचकली नाही. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती त्या काळ्या शेवटच्या रांगेकडे बघत होती. मागे गेलेली टोपी कुठे दिसते का ते शोधत होती.

“मास्तर…” ती म्हणाली. आवाज काही मोठा नव्हता. घरात, या खोलीतून त्या खोलीत विचारावं तेवढाच. “तुम्ही जेवलात का?”

आणि ती थांबली.

पुढचं वाक्य तिच्या जिभेवर आलं. तिने ते गिळलं. त्याच्या मागचंही आलं, तेही गिळलं. झरोक्यातल्या उजेडात धूळ तरंगत होती. खाली येत होती, वर जात होती. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, आणि मग ती घंटीही ऐकू येईनाशी झाली.

तिसऱ्या रांगेतला माणूस तिला आठवला. तो काय म्हणणार होता ते तिला अजून माहीत नव्हतं. पण आता तिला ते हवं होतं.

ती थांबली.

…

…

मग शेवटच्या रांगेतून, अंधारातून, सगळ्या रिकाम्या खुर्च्या ओलांडत, खणखणीत आवाज आला,

“मी काय तुझ्यासाठी थांबलेलो नाही गं!”