टिंबीचा शंख फुटला

समुद्रात एक गोगलगाय राहायची. मोहरीएवढी. नाव टिंबी.

एकदा लाट आली. धप्प! टिंबीचा शंख फुटला. कट्ट!

पाठ उघडी पडली. कुडकुड कुडकुड! त्यात खेकड्याची भीती. टिंबी रडली नाही. बरं, थोडीशी रडली. मग फुटका तुकडा पोटाशी धरला आणि निघाली. सुळुक सुळुक.

शंख करायला चुना लागतो.

"समुद्रआजोबा, चुना द्या ना!"

"माझा संपला गं, बाळ. नदी आणील, तर मी देईन."

सुळुक सुळुक.

"नदीताई, चुना आण ना! समुद्र देईना, मी शंख कशाचा करू?"

"खडक झिजेल, तर मी आणीन."

सुळुक सुळुक.

"खडककाका, झिजा ना! नदी आणेना, समुद्र देईना, मी शंख कशाचा करू?"

"पाऊस पडेल, तर मी झिजेन."

सुळुक सुळुक.

"पाऊसदादा, पड ना! खडक झिजेना, नदी आणेना, समुद्र देईना, मी शंख कशाचा करू?"

"हवा तापेल, तर मी पडेन."

सुळुक... हुश्श... सुळुक.

"हवामावशी, ताप ना! पाऊस पडेना, खडक झिजेना, नदी आणेना, समुद्र देईना, मी शंख कशाचा करू?"

"धूरडोंगर फुंकेल, तर मी तापेन."

धूरडोंगर समुद्राच्या काठावरच होता. त्याच्या पोटात आग होती. पण तो झोपला होता. घुर्र... घुर्र...

"डोंगरबाबा, फुंका ना! हवा तापेना, पाऊस पडेना, खडक झिजेना, नदी आणेना, समुद्र देईना, मी शंख कशाचा करू?"

डोंगराने एक डोळा उघडला.

"माझं पोट रिकामं आहे. मी जुने शंख खातो. तुझा देतेस?"

"नाही! हा माझा आहे!"

"बरं. मला घाई नाही," डोंगर म्हणाला.

टिंबी बसून राहिली. तुकडा काही पाठ झाकेना. शेवटी तिने त्याचा मुका घेतला. "जा हं," म्हणाली, आणि सोडला.

डुबुक! तुकडा समुद्राच्या तळाशी गेला. तिथे जुन्या शंखांचा ढीग होता. सगळे मिळून सरकले. सरर्र... जमिनीच्या पोटात, डोंगराच्या पोटात.

खूप खूप खूप वेळ गेला.

मग डोंगर फुंकला. भुस्स! पोटातल्या शंखांचा धूर झाला. हवा तापली. पाऊस पडला. टपटप टपटप! पावसाने धूर धुऊन खडकावर आणला, हवा छान कोमट झाली. खडक झिजला. नदीने चुना आणला. खळखळ खळखळ! समुद्राने तो टिंबीला दिला.

टिंबीने शंख केला. गोल गोल, गोल गोल.

खेकडा आला. टक टक!

"मी घरात आहे!" टिंबी आतून ओरडली. खेकडा गेला.

आत ओळखीचा वास येत होता. टिंबीने पुन्हा हुंगलं.

"अय्या, हा तर माझाच!"

आणि टिंबी गाढ झोपली.