नऊ फणस

खूप जुनी गोष्ट आहे. पाखरं माणसांशी बोलायची आणि माणसं कधीमधी त्यांचं ऐकायची, तेव्हाची.

एका टेकडीवर एक मळेकरी राहत असे. मळा लहानसाच, त्याच्या आज्याने लावलेला. नऊ उंच फणस आणि त्यांच्या सावलीत कॉफीची झाडं. मळेकरी आणि त्याची बायको कॉफीचं पिकलेलं लाल फळ तेवढंच वेचत, हिरवं झाडावर ठेवत आणि चार दिवसांनी पुन्हा त्याच फांदीपाशी येत. वर्षाकाठी चार पोती बिया होत.

माणूस सोन्यासारखा, पण भिडस्त. त्याच्या तोंडून ‘नाही’ म्हणून निघत नसे. शेजाऱ्याने पेरणीच्या ऐन घाईत बैल मागितले, यानं दिले. दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा महिनाभर राहिला. बायको म्हणे, “अहो, भीड ही भिकेची बहीण!” तो नुसता हसे. आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

एकदा त्या मळ्यातली कॉफी राणीच्या तोंडाला लागली. इतकी आवडली की राणीने त्यात जायफळसुद्धा घालू दिलं नाही. तिचा सेवक टेकडी चढून आला आणि म्हणाला, “पुढल्या वर्षी आठ पोती लागतील. जमेल ना?”

‘चारच होतात’ हे शब्द मळेकऱ्याच्या अगदी ओठांवर आले होते. पण बाहेर पडलं ते, “जमेल की! न जमायला काय झालं?”

त्या दिवसापासून त्याला घास गोड लागेना. शेवटी त्याने ठरवलं, सावली गेली की ऊन वाढेल आणि ऊन वाढलं की फळ वाढेल. त्याने कुऱ्हाड काढली.

“अहो, अजून वेळ गेलेली नाही,” बायको कळवळून म्हणाली. “चारच होतील म्हणून निरोप धाडा.”

“आता कुठल्या तोंडाने सांगू?”

फणसावरचा सुतारपक्षी म्हणाला, “दादा, तुझ्या कॉफीच्या झाडांच्या खोडातले किडे मी वेचतो. माझं घर पाडलंस, तर ते कोण वेचणार?”

मळेकऱ्याला ते पटलं. तरी त्याने डोळे पुसत पुसत नऊही फणस पाडले.

त्या वर्षी फांद्या फळांनी वाकल्या. आठ पोती भरली. पण उन्हाने फळं घाईघाईने पिकली होती आणि बिया बारीक, हलक्या झाल्या होत्या. राणीने एक घोट घेऊन पेला खाली ठेवला आणि मळेकऱ्याला बोलावलं.

“ही त्याच मळ्यातली?”

“त्याच मळ्यातली, राणीसरकार.” आणि मग त्याला राहवेना. त्याने सगळं सांगून टाकलं.

राणी हळहळली. “अरे, तुझा मळा किती देतो, हे मला कसं कळणार? चार म्हणाला असतास, तर चार पोती पुरवून पुरवून प्यायले असते!”

तिने शिक्षा केली नाही. पण घरी येऊन बघतो तो खोडांत किडा शिरलेला. अर्ध्याहून जास्त झाडं उपटून जाळावी लागली. आज्याने लावलेली झाडं जाळताना तो लहान मुलासारखा रडला. बायकोने एका शब्दाने टोचलं नाही. ती फणसाच्या आठळ्या घेऊन आली आणि दोघांनी मिळून त्या पेरल्या.

पुढल्या वर्षी सेवक पुन्हा आला. “किती पोती?”

मळेकऱ्याने उरलेल्या झाडांकडे एकवार पाहिलं. “एकच,” तो म्हणाला. “यंदा याहून जास्त नाही.”

“बरं,” सेवक म्हणाला आणि एक पोतं खांद्यावर टाकून चालू लागला.

एवढंच! हे एवढंसं ‘बरं’ ऐकायची भीती वाटली, म्हणून त्याने नऊ फणस पाडले होते.

तात्पर्य : आपल्या मातीला झेपेल तेवढंच कबूल करावं, भिडेपोटी दिलेल्या होकाराची किंमत मातीला मोजावी लागते.