निळीच्या हौदांचा करार

राजाच्या पागोट्याचा रंगसुद्धा माणसांच्या हातांनी चढवला जायचा, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकत नसल्यासारखं दाखवत ऐकावी.

एका नदीच्या काठी मोठी रंगशाळा होती. तिथे निळीचे खोल हौद होते. हौदांवर काम करणाऱ्यांचे हात कोपरापर्यंत निळे असायचे. कितीही घासले तरी निळेच. जत्रेत चुकलेलं मूल बापाचा चेहरा न बघता हात बघून त्याला ओळखायचं.

तरुणपणी माणूस हौदावर उभा राही आणि लांब काठीने कापड ढवळी. पाठ दुखू लागली की तो नदीवर जाई आणि रंगवलेलं कापड धुई. नदीवरच्या म्हाताऱ्यांचे हात पाण्याने फिकट झालेले असत, पावसाळ्यानंतरच्या आभाळासारखे.

या सगळ्यांचा पुढारी होता गिरमाजी. आवाज मोठा, मन त्याहून मऊ. सकाळी उठून तो आधी कोण आजारी आहे ते विचारायचा, मग चूळ भरायचा. त्याची बायको कोंडाई म्हणायची, "तुमचं घर रंगशाळेत आहे, इथे तुम्ही पाहुणे म्हणून येता."

एका उन्हाळ्यात मालकाने दुपारची विश्रांती बंद केली. भाकरीसुद्धा हौदाच्या काठावर उभ्यानेच खायची, असा हुकूम आला. दोन माणसं चक्कर येऊन पडली. गिरमाजीने काठी खाली ठेवली आणि त्याच्यामागे सगळ्यांनीच ठेवली. विश्रांती परत द्या आणि मजुरी वाढवा, एवढंच त्यांचं मागणं होतं. रंगशाळा बंद पडली.

पहिले काही दिवस उत्साहाचे गेले. मग घराघरांतलं पीठ संपत आलं. तेव्हा कोंडाईने सगळ्यांचं उरलंसुरलं धान्य गोळा केलं आणि लिंबाच्या झाडाखाली एकच चूल मांडली. आंबील दिवसेंदिवस पातळ होत गेली, पण ती सगळ्यांना मिळत होती. नदीवरचे म्हातारे शेवटी वाढून घ्यायचे आणि "पोट भरलंय" म्हणून अर्धी वाटी पोरांच्या वाटीत ओतायचे. त्यांचं पोट भरलेलं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पोरंसुद्धा ते जाणून होती.

अखेर एका दुपारी मालकाचा कारभारी आला. गिरमाजीला बाजूला घेऊन म्हणाला, "मालक नरमले आहेत. विश्रांती मिळेल. मजुरी मागितलीत तेवढी वाढेल. फक्त एक अट. नदीवरच्या म्हाताऱ्यांना काढायचं. ओल्या कापडाचे गठ्ठे त्यांना उचलवत नाहीत. त्यांचाच पैसा तुम्हाला वाढवून देणार आहेत. ते कितीसे आहेत? तुम्ही एवढे सगळे."

गिरमाजी घरी आला. त्याची धाकटी मुलगी भुकेने चिडचिड करून झोपली होती. तो तिच्याजवळ बराच वेळ बसला. मग कोंडाईला सगळं सांगून खालच्या आवाजात म्हणाला, "मजुरीचं आणि विश्रांतीचं तेवढं आज सांगतो. म्हाताऱ्यांचं हळूहळू कळेल. आधी चुली तर पेटू देत."

कोंडाईने त्याच्याकडे पाहिलं. रागावली नाही. म्हणाली, "लोक तुमच्या शब्दावर हो म्हणतील, हे खरं. पण ज्यांच्यासाठी हो म्हणायचं, त्यांना काय म्हणायचंय ते विचारा तरी."

गिरमाजी उठला. लिंबाखाली सगळे जमले होते. त्याने सगळं सांगितलं, शेवटच्या अटीसकट.

मग भिवाआजा काठी टेकत उभा राहिला. नदीवरचा तो सगळ्यात म्हातारा. "यात विचार करायचा काय?" तो म्हणाला. "अट मान्य करा. आम्ही आमचं आयुष्य काढलं. या पोरांना खायला हवं."

हौसा नावाची तरुण बाई तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. संप मिटावा म्हणून कालपर्यंत तीच गिरमाजीच्या मागे लागली होती. आता ती म्हणाली, "आजा, मला हौदावर काठी धरायला कोणी शिकवलं? आणि आता मी तुमच्या पोटावर पाय देऊन मजुरी घेऊ? खाली बसा तुम्ही."

"मोठ्यांशी असं बोलतात होय?"

"मोठे असं बोलायला लागले तर बोलतात."

वाद वाढायला लागला, तेव्हा गिरमाजीने तोडगा काढला. अट मान्य असेल त्यांनी झाडाच्या सावलीत यावं, नसेल त्यांनी नदीच्या बाजूला उन्हात उभं राहावं.

सगळे उठले. थोडा गोंधळ झाला. मग सगळे आपापल्या जागी थांबले आणि गिरमाजीने पाहिलं. सावलीत फक्त म्हातारे उभे होते. सगळेच्या सगळे. आणि हौदावरचा एकूण एक माणूस उन्हात उभा होता.

दोन्ही बाजू एकमेकांकडे बघत राहिल्या. ज्यांचं काम जाणार होतं ते जाऊ द्या म्हणत होते, आणि ज्यांना मिळणार होतं ते नको म्हणत होते. आधी हौसाला हसू आलं, मग भिवाआजाला, आणि मग सगळेच हसू लागले. गिरमाजी मात्र डोळे पुसत होता. थोड्या वेळापूर्वी आपण काय करायला निघालो होतो, हे त्याला आठवत होतं.

हसणं ओसरल्यावर भिवाआजा म्हणाला, "कारभारी खोटं बोलला नाही. गठ्ठे आम्हाला उचलवत नाहीत, हे खरंच आहे. पण कापड वाळत घालणं, घड्या घालणं जमतं."

तिथून बोलणं पुढे सरकलं. वाढीव मजुरी अर्धीच घ्यायची, म्हाताऱ्यांना वाळवणीचं काम द्यायचं, गठ्ठे तरुणांनी उचलायचे, विश्रांती मात्र सोडायची नाही, असं ठरलं. हे कोणा एकाने ठरवलं नाही. एकाने वाक्य सुरू केलं, दुसऱ्याने पुरं केलं.

गिरमाजी आणि भिवाआजा मालकाकडे गेले. मालक चकित झाला. "स्वतःची भाकर स्वतःच कमी करून मागता? त्या थोड्या म्हाताऱ्यांसाठी?"

"मालक," गिरमाजी म्हणाला, "आज ते थोडे आहेत. पण आमच्यातला एक एक जण त्याच वाटेने जाणार आहे. आज त्यांना सोडलं, तर उद्या आम्हाला कोण धरेल?"

मालकाने त्या दिवशी होकार दिला नाही. त्याला वाटलं, भूक यांच्यात फूट पाडील. तो वाट बघत राहिला. लिंबाखालची आंबील आणखी पातळ झाली, पण चुली दोन झाल्या नाहीत. शेवटी दूरदेशीचे व्यापारी कापडासाठी दारात खोळंबले, तेव्हा त्याने कारभाऱ्याला पाठवलं आणि करार त्यांच्या म्हणण्याप्रमाणे झाला.

मजुरी थोडीच वाढली. ती पुरेशी होती असं नाही. पण दुपारी सगळे सावलीत बसून जेवू लागले.

वर्षं गेली. गिरमाजीचे हात कापू लागले. त्याने कोणाला सांगितलं नाही. एका सकाळी हौसा त्याच्याजवळ आली, त्याच्या हातातली काठी काढून घेतली आणि म्हणाली, "मामा, उद्यापासून वाळवणीला या. जागा करून ठेवलीय."

त्याला काही मागावं लागलं नाही.

तात्पर्य : आपल्यातल्या दुबळ्यांना सोडून केलेला करार कधीच आपला नसतो, त्यांना सांभाळून केलेला करार पुढे आपल्यालाच सांभाळतो.