करवंदाची पाच पाने

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका जंगलात मोहाच्या झाडावर दोन खारी राहत असत. दोघी सख्ख्या बहिणी. थोरली शांत होती, धाकटी चपळ पण उतावळी. उन्हाळाभर दोघींनी मिळून चारोळीचे दाणे वेचले आणि बुंध्याजवळच्या ढोलीत साठवले. थोरलीला लवकरच पिल्ले होणार होती. पावसाची झड लागली की बाहेर पडता येणार नाही, तेव्हा ही चारोळी खायची, असे ठरले होते. थोरलीला आता खाली-वर करणे जमत नव्हते, म्हणून साठा सांभाळायचे काम धाकटीकडे आले.

जवळच्या सपाट खडकावर रोज सकाळी पानांचा खेळ चाले. एक म्हातारा वानर, एक ससा आणि ही धाकटी खार खेळायला बसत. साळुंकी पाने वाटी. दर पानाला प्रत्येकाने एक दाणा मध्ये टाकायचा आणि मिळालेले पान कुणाला दिसू न देता पोटाखाली दडपायचे. अशी पाच पाने. नको वाटले तर मध्येच उठावे, टाकलेले दाणे मात्र सोडून द्यावे लागत. शेवटी ज्याच्याकडे एकाच झाडाची पाने जास्त, त्याचे सगळे दाणे. दोघांची सारखीच जमली तर ज्याचे पान मोठे तो जिंके. सागाचे पान सगळ्यांत मोठे आणि करवंदाचे सगळ्यांत लहान.

वानर बहुतेक वेळा दुसऱ्या पानालाच उठे आणि पाठ खाजवत उन्हात जाऊन बसे. खार मात्र कधीच उठत नसे. करवंदाची दोन चिमुकली पाने हाती आली तरी ती हट्टाने बसून राही.

"ऊठ ना," ससा म्हणे. "तुझ्या पानांत काही नाही, हे तुझ्या शेपटीवरून कळते."

"अजून पाने यायची आहेत," खार म्हणे. "आणि एका दाण्याचे ते काय एवढे!"

पान बहुधा येत नसे. कधीतरी येई, ती जिंके आणि मग तो एकच डाव आठवडाभर आठवत राही. हरलेले डाव आणि त्यांत गेलेले ढोलीतले दाणे तिच्या लक्षातच राहत नसत.

एके दिवशी थोरलीने वरून विचारले, "साठा पुरेल ना ग?"

"पुरेल, ताई. उरेलसुद्धा!" धाकटी म्हणाली. मग तिने ढोलीत हात घातला, तर तो थेट तळाला लागला. पण तिने ठरवले, आता एकच मोठा डाव जिंकायचा, गेलेले सगळे परत आणायचे आणि पुन्हा त्या खडकाकडे फिरकायचे नाही.

दुसऱ्या दिवशी तिला करवंदाचे पहिले पान आले, मग दुसरे, मग तिसरे. चौथेही करवंदाचेच! ससा केव्हाच उठून गेला होता. साळुंकीने पाचवे पान दिले, आणि तेही करवंदाचे निघाले.

वानर मात्र अजून बसलेलाच होता. पाचही पाने वाटून झाली की वाटेल तेवढे दाणे वाढवता येत; मग दुसऱ्यानेही आपले टाकायचे, नाही तर उठायचे. त्याने आपला सगळा ढीग पुढे सरकवला.

ससा तिच्या कानाशी लागला. "अग, हा कधी बसत नाही. आज का बसला असेल, जरा विचार कर. ऊठ!"

"इतके दिवस याच पानाची वाट पाहिली मी," खार म्हणाली. "आता आले, तर उठू?"

ती ढोलीकडे धावली. उरलेले दाणे तिने दोन्ही गालांत भरून आणले आणि मध्ये ओतले. मग आपली पाने मांडली. करवंदाची पाच. वानराने सावकाश आपली मांडली. सागाची पाच.

"पण माझे पान आले होते," खार पुटपुटली.

"आले म्हणून तर सगळे गेले, बाई," वानर म्हणाला. "नसते आले, तर पाच दाण्यांवरच सुटली असतीस." त्याच्याकडे मूठभर दाणे मागावेत असे तिला वाटले, पण लाज आड आली. ती तशीच माघारी वळली.

पुढे थोरलीला तीन पिल्ले झाली आणि त्याच दिवशी झड लागली. "थोडी चारोळी आण ग," थोरली म्हणाली, तेव्हा धाकटीला रडू फुटले. तिने सगळे सांगितले. अशक्त अंगानेच थोरली पावसात उतरली आणि भिजून, कुडकुडत, गवताचे चार दाणे घेऊन परतली. तिला दूध पुरेना. तिसऱ्या दिवशी सगळ्यांत लहान पिल्लू हलेनासे झाले.

त्यानंतर धाकटीने थोरलीला खाली उतरू दिले नाही. पाऊस असो, वारा असो, ती ओढ्यापलीकडच्या उंबराखालून फळे ओढून आणी. उरलेली दोन पिल्ले वाचली, बाळसे धरू लागली. पण घरट्यातल्या रिकाम्या जागेकडे पाहिले की ती हातातला घास खाली ठेवी.

"ताई, तू एकदा तरी रागाव ना माझ्यावर," ती म्हणाली.

थोरली पिल्लांना चाटत होती. तिने मान वर केली नाही. "रागावले, तर ते परत येईल का?" ती हळूच म्हणाली. "जा, अंधार पडायच्या आत फळे घेऊन ये."

धाकटी निमूटपणे पावसात उतरली.

तात्पर्य : जी आशा पुरी होऊनही आपल्याला हरवू शकते, तिच्यामागे रोज थोडे थोडे गमावू नये, आणि जे आपल्या एकट्याचे नाही, ते तर कधीच पणाला लावू नये.