चितेच्या विस्तवावरची पेज

एका राज्यात चुली पेटत, पण तापत नसत. जाळात हात घातला तरी पोळत नसे. तव्यावरची भाकरी ओलीच राही, मडक्यातले तांदूळ कच्चेच राहत. राजा रत्नकेतूने मांत्रिक भस्मांगाच्या गुहेतून सोन्याची हंडी लुटून आणली, त्या दिवसापासून हा शाप लागला. सात महिने लोक भिजवलेलं धान्य चावून जगले. आधी म्हातारी माणसं गेली, मग लेकरं जाऊ लागली.

तापत होत्या त्या फक्त चिता. पण तिथला विस्तव घरी आणायला कुणाचा हात धजत नव्हता.

त्या राज्यात घाटाच्या पायथ्याशी भिवरा राहत होती. येणाऱ्याजाणाऱ्या वाटसरूंना ती रांधून घाली. तिची नऊ वर्षांची लेक तानी कच्च्या धान्याने आजारली, अंथरुणाला खिळली. तेव्हा एक साळुंकी आढ्यावर येऊन बसली आणि बोलू लागली.

"भिवरे, भस्मांगही उपाशीच आहे. त्याचाच शाप त्याला लागलाय. तो पोटभर गरम अन्न जेवला, तर शाप सुटेल."

"मी काय आणू?"

"न पेरलेलं धान्य. न विकलेलं मीठ. आणि तापणारा विस्तव."

तापणारा विस्तव कुठे मिळतो, हे भिवरेला ठाऊक होतं. पण तिने तानीला शेजारच्या सगुणेच्या हवाली केलं आणि ती निघाली.

दलदलीत देवभात आपसूक उगवे. तिथे नागाने फणा उभारला.

"कुणासाठी नेतेस?"

"भुकेल्यासाठी."

"एक ओंजळ घे. दुसरीला हात लावलास तर डसेन."

तिने एकच ओंजळ घेतली.

पुढे खारं तळं लागलं. काठावर यक्षीण बसली होती.

"मीठ विकत नाही मी. तुझी आसवं दे आणि घेऊन जा."

"घे," भिवरा म्हणाली. यक्षिणीने तिच्या पापण्यांवरून बोट फिरवलं. डोळे खडखडीत कोरडे झाले.

बाराव्या दिवशी ती गावाच्या शिवेवर आली. मसणवटीत धूर दिसत होता. सगुणा तिथेच उभी होती.

"भिवरे, सकाळी गेली गं तानी. शेवटपर्यंत तुलाच हाक मारत होती."

भिवरा चितेपाशी गेली. छाती फुटत होती, पण डोळ्यांत टिपूस येईना. मग तिने एक खापर उचललं आणि त्यात चार निखारे घेतले.

"अगं, हे काय करतेस?" सगुणा ओरडली.

"तानीचेच आहेत," भिवरा म्हणाली. "ती नाही म्हणायची नाही."

भस्मांगाच्या गुहेबाहेर तिने तीन दगड मांडले, निखारे फुंकले, पेज ठेवली. पेज रटरटू लागली. शिजत्या भाताचा वास सुटला, तसा हाडांचा सापळा झालेला मांत्रिक सरपटत बाहेर आला. तिने द्रोण भरून पुढे केला. त्याने दोन घोट घेतले.

"हा विस्तव कुठला?"

"माझ्या लेकीच्या चितेचा."

त्याचा हात थांबला. "माझ्या शापाने गेली ती. तरी मला वाढतेस?"

"गावात अजून लेकरं आहेत. खा."

भस्मांग ढसाढसा रडला आणि रडत रडत शेवटचं शीत संपेपर्यंत जेवला. त्याने द्रोण खाली ठेवला, त्याच क्षणी साऱ्या राज्यातल्या चुली तापल्या. राजा रत्नकेतू अनवाणी गुहेपाशी आला. त्याने सोन्याची हंडी परत केली आणि कोठारांची दारं रयतेला उघडली.

गावभर धूर निघू लागला. भिवरेच्या घरात मात्र चूल पेटली नाही. सुतक होतं. संध्याकाळी सगुणा पिठलं-भाकरी घेऊन आली. तिच्यामागून अख्खं गाव आलं, पोरंबाळंसुद्धा. अजून कुणीच जेवलं नव्हतं.

"कडू घास आहे, भिवरे," सगुणा म्हणाली. "आधी तू खा."

भिवरेने भाकरी मोडली. वाफ वर आली. तिने घास तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला. मग दुसरा घेतला.

तेव्हा बायांनी आपापली लेकरं उचलली आणि त्यांना जेवू घालायला त्या घरी निघाल्या.