चांगुणाने सूर सोडला नाही

डोंगराच्या कुशीत एक चिमुकलं गाव होतं. तिथे चांगुणा तिच्या बाबांबरोबर राहायची. आई नव्हती. टोपल्या विणणाऱ्या बाबांना डोळ्यांनी दिसत नव्हतं. बाबा बांबूच्या बेटात तोडणीला गेले की चांगुणा दारात बसून बासरी वाजवायची आणि त्या सुराच्या मागोमाग बाबा अचूक घरी यायचे.

एक दिवस राजाने दवंडी पिटवली, "आजपासून बासरी फक्त महालात वाजेल!" शिपायाने चांगुणाची बासरी पायाखाली चिरडली. दुसऱ्याच दिवशी बाबा वाट चुकून खड्ड्यात पडले. पाय सुजला, टोपल्या थांबल्या, चूल थंड झाली.

चांगुणा रडली नाही. कोयता घेऊन तरातरा बेटात गेली. "नवी बासरी करणार म्हणजे करणारच!"

तोच पोपटी पानांत लखलखलं. दवाच्या टपोऱ्या थेंबातून मुठीएवढी इवलीशी परी बाहेर आली. तिचे पंख निळे-जांभळे चमचमत होते.

"किती गं धीट तू! ही घे सोन्याची बासरी. कुणालाही मोडता येणार नाही. पण ही वाजली, की जगातल्या बाकी सगळ्या बासऱ्या मुक्या होतील."

चांगुणाने हात मागे घेतले. "मग राजात नि माझ्यात फरक काय? नको मला! द्यायचं तर सगळ्यांना दे."

परी गोड हसली. "दिलं! या बेटातल्या बांबूची बासरी कुणालाच मोडता येणार नाही. पण आधी तू भर चौकात वाजव. भिऊन थांबलीस, तर वर संपला."

चांगुणाने बांबू कापला, भोकं पाडली आणि चौकात उभी राहून वाजवू लागली. शिपाई धावला.

"ए पोरी, बासरी बंद!"

पण चांगुणाने सूर सोडला नाही.

"बासरी कुठंय?" म्हातारा गुराखी पुढे आला. "आम्ही तर पावा म्हणतो."

"मग पावा बंद!"

"अहो, ही मुरली!" फुलवाली म्हणाली.

"मुरली बंद!"

"अलगूज आहे, अलगूज!" पोरं ओरडली.

शिपायाने बासरीवर काठी हाणली. काठीचेच दोन तुकडे झाले! ते पाहून माणसं बेटाकडे धावली, तिथल्या बांबूच्या बासऱ्या करून घेऊन आली आणि चौकभर सूर घुमू लागले. राजा धावत आला.

"थांबव त्यांना!"

"काय काय थांबवू, महाराज? मोडतही नाही आणि नावंही संपत नाहीत!"

राजाने मान खाली घातली आणि हुकूम मागे घेतला.

चौकावर सोनेरी उजेड सांडला. परी हात हलवत त्यात विरून गेली. चांगुणाने वर पाहिलं नाही. ती वाजवत होती, घरी बाबांना ऐकू जाईल अशी.